मावशी एकदाच बंद पडली

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल दुसरं काही वाचावं, रुसवा नाही. पण जिच्यासोबत हे घडलं ती बाई आजही त्याच गाडीने कामाला जाते. आणि गाडीत बसल्यावर किल्ली फिरवण्याआधी क्षणभर थांबते.

कानोसा घेते.

मंगळवार होता. थंडी सरत आली होती, दिवे लागायची वेळ. मोठ्या रस्त्यावर गाड्यांचं ते काचेचं शोरूम आहे ना, आत पांढऱ्या उजेडात नव्या कोऱ्या गाड्या नटूनथटून उभ्या असतात, त्याच्या बरोब्बर समोर...

मावशी बंद पडली.

आता यात काय एवढं, असं कुणालाही वाटेल. गाड्या बंद पडतातच. पण तुम्हाला मावशी माहीत नाही.

मावशी म्हणजे त्या घरातली जुनी गाडी. चार दारांची, बुटकी, रंग कधीकाळी पांढरा असावा. कानोसा घेणारी ती बाई म्हणजे या घरातली थोरली मुलगी; तिच्या आईने ही गाडी दोघांच्या हातून फिरल्यावर घेतली होती, शिवणकामाच्या कमाईतून. आई पडदे शिवायची. कापडाचे तागे, पडद्यांचे रॉड, शिडी, सगळं त्या गाडीच्या डोक्यावर आणि पोटात मावायचं. हाक मारली की धावून येते म्हणून आईनेच तिला मावशी म्हणायला सुरुवात केली, आणि मग घरातले सगळेच म्हणायला लागले. "मावशीला पुसलंस का?" "मावशीत छत्री राहिली." नवा पाहुणा बिचारा घाबरून आत कोण म्हातारी आहे ते बघायचा.

दिसायला मावशी म्हणजे आनंदच. वायपर एकच चालायचा, पण ड्रायव्हरच्या बाजूचा, म्हणजे कामापुरता. पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर. सीटना आईने उरलेल्या पडद्यांच्या कापडाची कव्हरं शिवली होती. पुढे निळी फुलं, मागे पिवळ्या रेघा.

आणि ड्रायव्हरशेजारचं दार बाहेरून उघडायचं नाही. त्याची बाहेरची मूठ कधीतरी तुटली आणि तशीच राहिली. आतल्या माणसाने वाकून, हात लांब करून ते उघडायचं.

ती सीट आईची. आईला गाडी चालवता येत नव्हती. ती काम करता करता तशीच खाली यायची, बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालतात ती पितळी टोपी. तीच काचेवर वाजवायची.

टक. टक. टक.

मग बाबा वाकून दार उघडायचे. तोंड वाकडं करून.

बाबांना मावशीची लाज वाटायची. ते विम्याच्या ऑफिसात होते. शर्टाची घडी मोडली तर दिवस वाईट जायचा त्यांचा. लग्नकार्याला गेलं की ते गाडी पार पलीकडच्या गल्लीत लावायचे आणि सगळ्यांना चालवत न्यायचे. आई चपला हातात घेऊन हसायची. "अहो, लाजता काय तिला? वेळेला कोण उभं राहतं? तुमचे ते चकचकीत मित्र?"

आणि ते खरं होतं. मावशी कधी बंद पडली नाही. भर पावसात नाही, घाटात नाही. दोन्ही मुलींच्या परीक्षांना, धाकटीचा हात मोडला तेव्हा, घर बदललं तेव्हा. पहिल्या किल्लीला चालू.

एकदाच बंद पडली. फक्त एकदा.

ज्या दिवशी आई गेली, त्या दिवशी.

सहा वर्षं झाली त्याला. दुपारची वेळ होती. आईच्या छातीत कळ आली. तिने ऑफिसला गेलेल्या बाबांना मोबाइलवर फोन केला. गाडी त्यांच्याकडे होती. बाबा म्हणाले, "निघालोच."

आई खाली येऊन फाटकाजवळच्या पायरीवर बसली. शेजारणीने पाहिलं, घामाने डबडबलेली. म्हणाली, "अहो, टॅक्सी बोलावते ना."

आई म्हणाली, "नको गं. आमची मावशी येतेय. ती वाटेत थांबायची नाही."

आई बसून राहिली...

शेजारणीने आणखी दोनदा विचारलं. आईने दोन्ही वेळा मान हलवली. त्या गाडीवर तिचा असा भरवसा होता, की दुसऱ्या गाडीत बसणं तिला मावशीचा अपमान वाटला असता. माणसं कशाकशावर जीव टाकतात बघा.

बाबा आले तेव्हा फार उशीर झाला होता. आई त्याच सीटवर, निळ्या फुलांवर, हॉस्पिटलच्या वाटेतच गेली. डॉक्टर एवढंच म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर..."

"पुलावर बंद पडली हो," बाबा सगळ्यांना सांगत होते. "ऐन वेळी दगा दिला डबड्याने. किती धक्के मारले! माझ्या बायकोला खाल्लं या गाडीने."

लोकांनी गाडीकडे पाहिलं. कुणालाही पटण्यासारखंच ध्यान होतं ते.

बाबा पुन्हा तिच्यात बसले नाहीत. भंगारात द्यायला निघाले होते. थोरलीने दिली नाही. आईचं पडद्यांचं काम तिने पुढे चालवलं होतं, तिला गाडी लागत होती. ती चालवायला शिकली. लग्न तिने केलं नव्हतं. बाबांच्या गोळ्या, बाबांचं पथ्य, बाबांचे इस्त्रीचे शर्ट, सगळं तिच्याकडे. धाकटी लांब राहायची, फोनवरून काळजी करायची.

"ताई, ती गाडी काढून टाक गं. बाबांना रोज डोळ्यांसमोर दिसते."

"तू घेऊन दे नवी. लगेच काढते."

धाकटीला मग कुणीतरी हाक मारायचं आणि तिला जावं लागायचं.

थोरलीच्या हातात मावशी सहा वर्षांत एकदाही थांबली नाही. कधीकधी तिला त्याचाच राग यायचा. त्या दिवशी काय झालं होतं तुला? नेमकं त्याच दिवशी? गाडी धुताना ती हे मोठ्याने विचारायची, आणि बॉनेटवर जरा जोरातच फडकं मारायची.

तर तो मंगळवार.

शोरूमच्या समोर एका दातांच्या डॉक्टरांनी नवा दवाखाना थाटला होता, तिथले पडदे शिवायचे होते. त्या रस्त्याने थोरली सहसा जात नसे. बाबांनीच घालून दिलेला नियम होता, "त्या रस्त्याला जाऊ नकोस, मरणाची गर्दी असते." पण खिडक्यांची मापं घ्यायला जावंच लागलं.

मापं घेतली. निघाली. गाडी वळवून शोरूमच्या समोर आली आणि...

इंजिन शांत झालं.

आचके नाहीत, धूर नाही. कुणीतरी दिवा मालवावा तसं.

थोरलीने किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. स्टार्टरचा आवाजसुद्धा नाही. मागून हॉर्न वाजायला लागले. एक जण खिडकीतून ओरडला, "ओ ताई, म्युझियममध्ये लावा ती!"

आणि मग सगळे आवाज जरा लांब गेल्यासारखे झाले.

टक...

टक...

टक.

शेजारच्या काचेवर.

थोरलीने वळून पाहिलं. बाहेर कुणी नव्हतं. फुटपाथ रिकामा. काचेवर हाताचा ठसासुद्धा नाही.

पण आवाज बोटाचा नव्हता. पितळेचा होता. तो आवाज तिने लहानपणापासून ऐकला होता, त्यात चूक होणं शक्य नव्हतं.

तिने पुन्हा किल्ली फिरवली. मावशी पहिल्याच झटक्यात चालू झाली.

घरी येऊन ती काही बोलली नाही. बाबांना जेवायला वाढलं, मीठ जास्त पडल्याबद्दल ऐकून घेतलं, भांडी घासली. कानात वारा गेला असेल, असं स्वतःला समजावलं. आपण बायका स्वतःला काय काय समजावत असतो, त्यात हे एक.

दुसऱ्या खेपेला ती शिवलेले पडदे घेऊन गेली. पुन्हा दिवे लागायची वेळ. पडदे लावून झाले. निघाली.

तीच जागा.

इंजिन शांत.

टक... टक... टक.

या वेळी ती शेजारच्या काचेकडे बघायला धजली नाही. नजर पुढे ठेवली, मग हळूच दुसऱ्या बाजूला वळवली. दुसऱ्या बाजूला शोरूमची ती भलीमोठी काच होती. तिच्यात अख्खा रस्ता दिसत होता. मावशीही दिसत होती, बुटकी, मळकी. ड्रायव्हरच्या जागी थोरली स्वतः.

आणि गाडीच्या पलीकडच्या अंगाला...

कुणीतरी उभं होतं. टपावरून फक्त डोकं दिसत होतं. केस मानेवर बांधलेले. ती बाई गाडीकडे बघत नव्हती. सरळ शोरूमच्या आत बघत होती. कुणाला तरी शोधत असल्यासारखी.

थोरलीने झटकन मान वळवली. फुटपाथ रिकामा.

किल्ली. मावशी चालू.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गाडी मिस्त्रीकडे नेली. हा मिस्त्री आईच्या वेळेपासूनचा. बोलायला फटकळ, पण हात चांगला. त्याने बॉनेट उघडलं, वायरी बघितल्या, पंप बघितला, एक फेरी मारून आला.

"काही नाही झालंय."

"अहो, दोनदा बंद पडली. एकाच जागी."

"मग त्या जागेला दाखवा डॉक्टरकडे. गाडीला काही नाही." त्याने हात पुसले. मग जरा वेळ पुसतच राहिला. "एक बोलू का? रागावू नका."

"बोला."

"तुमची आई गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब गाडी घेऊन आले होते माझ्याकडे. म्हणाले, बघ काय बिघडलंय, पुलावर बंद पडली. मी सगळी खोलून बघितली. काही नव्हतं. तसं सांगितलं तर म्हणाले, नीट बघ, काहीतरी असेलच. आणि मग... 'असेलच' म्हणताना त्यांचा चेहरा असा झाला होता ना ताई, की मी म्हटलं, असेल. तारेत कचरा असेल. म्हटलं, माणूस दुःखात आहे, कशाला वाद घाला."

थोरली गाडीपाशी उभी राहिली. उन्हात बॉनेट तापलं होतं. तिने त्यावर हात ठेवला आणि चटका बसेपर्यंत ठेवला.

सहा वर्षं ती या गाडीला विचारत होती.

बाबांना तिने काही विचारलं नाही. विचारून खरं बोलणारा माणूस असता तर सहा वर्षांपूर्वीच बोलला असता. ती संधीची वाट बघत राहिली, आणि संधी अशी आली की बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला.

ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने मुळातच अंधुक दिसायचं, वर काळा चष्मा. संध्याकाळी घरी सोडलं. हॉस्पिटलच्या दारात थोरली मावशी घेऊन उभी होती.

"टॅक्सी कुठाय?" बाबा म्हणाले.

"मिळत नाहीये."

"मी त्या डबड्यात बसणार नाही."

"मग चालत या. काठी देते."

बाबा मागे बसले. पिवळ्या रेघांवर, अंग चोरून, हात मांडीवर घट्ट. सहा वर्षांनी.

थोरली डावीकडे वळायच्या ऐवजी उजवीकडे वळली. मोठ्या रस्त्याला लागली. बाबांना काही दिसत नव्हतं. ते आपले नर्सच्या नावाने खडे फोडत होते, चहा थंड दिला, उशी बारीक होती. थोरली हं हं करत होती.

शोरूमचा पांढरा उजेड जवळ आला...

इंजिन शांत झालं.

बाबा बोलता बोलता थांबले.

"काय झालं?"

"बंद पडली."

"कुठे आहोत आपण?"

थोरलीने किल्लीवरचा हात काढून घेतला.

टक.

मागून तिला बाबांचा श्वास ऐकू आला. अडकलेला.

टक.

"उघडू नकोस," बाबा म्हणाले.

आवाज तिला एकटीलाच ऐकू येतो असं इतके दिवस ती धरून चालली होती. तिने आरशात पाहिलं. बाबांनी दोन्ही हातांनी पुढची सीट धरली होती. पट्टीच्या खालून पाणी गालावर आलं होतं.

"तुम्हाला ऐकू येतं?"

"उघडू नकोस तिला. चल इथून. चल!"

"कधीपासून ऐकू येतं, बाबा?"

टक.

"रोज," बाबा म्हणाले. "माझ्या खोलीच्या खिडकीवर. दिवे लागले की."

बाबांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. खिडकीबाहेर उभं राहायला काही नव्हतं.

थोरलीने हात मांडीवरच ठेवले. "आधी सांगा. त्या दिवशी कुठे होतात?"

मागे हॉर्न वाजत होते, कुणीतरी बाजूने शिव्या देत गेलं. मग बाबा बोलायला लागले, त्यांच्या नेहमीच्या आवाजात नाही. शाळेत उभं केलेल्या मुलाच्या आवाजात.

"ऑफिसातल्या एकाने नवी गाडी घेतली होती. मला पण म्हणाला, चल, बघून तर ये, बघायला काय लागतं. इथल्या शोरूमवाल्यांनी नाव लिहून घेतलं होतं. फिरवून बघायला. तुझ्या आईचा फोन आला तेव्हा... माझा नंबर आला होता गं. किल्ली हातात दिली होती त्यांनी माझ्या."

"मग?"

"तिला पित्त व्हायचं नेहमी. मला वाटलं तेच. म्हटलं, एक फेरी मारतो आणि निघतो." त्यांनी नाक ओढलं. "आत काय गारवा होता. आवाज म्हणून नाही. आणि सगळे बघत होते माझ्याकडे, रस्त्यावरचे. कधी कुणी तसं बघितलं नव्हतं."

"आणि मावशी?"

"इथेच होती. समोर लावली होती. चालू होती ती... कधी बंद पडली ती!"

थोरली हसली. हसू कसलं, घशातून आलेला एक आवाज होता तो. एका फेरीसाठी. जी गाडी या माणसाला जन्मात परवडणार नव्हती, तिच्यात बसून लोकांनी आपल्याकडे बघावं म्हणून. दुसऱ्या बाईपायी झालं असतं तर निदान भांडायला तरी कुणी समोर असतं.

ती शेजारच्या सीटवर वाकली.

"उघडू नकोस, पोरी, तुझ्या पाया पडतो..."

तिने हात लांब केला आणि दार उघडलं.

बाहेर कुणी नव्हतं. मशीनच्या तेलाचा वास आला. कोऱ्या कापडाचा. निळ्या फुलांचं कव्हर हळूहळू... खाली दबलं. मावशी त्या बाजूला किंचित कलली, नेहमी कलायची तशी.

दार ओढून घेतल्याचा आवाज झाला.

थोरलीने लावलं नव्हतं.

किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात चालू. घरापर्यंत मागे बाबा डोक्यावर शाल ओढून बसले होते. थोरलीने गिअर टाकताना शेजारी पाहिलं नाही. पण तिला भीती वाटली नाही, हेही खरं. उलट फार दिवसांनी कुणीतरी सोबत आहे असं वाटलं, आणि ती सगळा रस्ता न पुसता रडत आली.

त्या दिवसानंतर बाबांच्या खिडकीवरचा आवाज थांबला. बाबांना झोप लागायला लागली. अंगावर मूठभर मांस चढलं. पंधरवड्यात ते पुन्हा मिठाबद्दल बोलायला लागले.

"धाकटीला सांगू नकोस हं," एवढं मात्र म्हणाले. "उगाच तिच्या जिवाला लागेल."

थोरलीच्या जिवाचं काय, ते त्यांनी विचारलं नाही. तिने धाकटीला सांगितलं नाही. शर्टांना इस्त्री केली, पथ्याचं रांधलं. पूर्वी हे करताना थकायची, आता थकव्याच्या खाली आणखी काहीतरी असायचं, भांड्याच्या तळाशी लागून करपतं तसं.

एकदा तर बाबा शेजाऱ्यांना सांगताना तिने ऐकलं. "ऐन वेळी दगा दिला हो डबड्याने. पुलावर..." पुन्हा तेच. सगळं कबूल करून झाल्यावर! बहुतेक आता त्यांना स्वतःलाही तेच आठवत होतं.

फाटकाशी मावशी उभी होती. थोरलीला वाटलं, तिने ऐकलं. मावशीने म्हणा...

किंवा जी कोणी आत बसली होती तिने.

मग उन्हाळ्यात ती दुपार आली.

थोरली एका घरी शिडीवर चढून रॉड बसवत होती. फोन वाजला. बाबा.

"पोरी... छातीत... कळ येतेय गं. लवकर ये."

"निघालेच," थोरली म्हणाली.

म्हणाली आणि शिडीवरच थबकली. हाच शब्द. मग धावत खाली आली, हत्यारं तिथेच टाकून. मावशी समोरच झाडाखाली होती. आत बसली. किल्ली फिरवली.

काही नाही.

पुन्हा फिरवली.

काही नाही. ना दिवा, ना आवाज. पेट्रोलचा अर्ध्यावर अडकलेला काटा आयुष्यात पहिल्यांदा शून्यावर आला होता.

तिने शेजारी पाहिलं.

निळ्या फुलांची सीट दबलेली होती. खोल. कुणीतरी मागे रेलून, निवांत बसावं तशी.

"आई," थोरली म्हणाली. "आई, सोड ना."

पुन्हा किल्ली.

"आई, म्हातारा झालाय तो आता. जाऊ दे ना गं."

फक्त तो वास. तेलाचा, कोऱ्या कापडाचा.

थोरली उतरली. रस्त्यावर धावली. भर दुपारचा रस्ता, टॅक्सी मिळेना. शेवटी एक मिळाली. ती घरी पोचली तेव्हा...

बाबा फाटकाजवळच्या पायरीवर बसलेले होते. भिंतीला टेकून. शर्टाची घडी मोडली नव्हती.

शेजारीण तोंडाला पदर लावून रडत होती. "मी म्हटलं हो, टॅक्सी बोलावते. दोनदा म्हटलं. ऐकेनात. म्हणाले, पोरगी गाडी घेऊन येतेय. ती गाडी कधी बंद पडत नाही म्हणाले."

संध्याकाळी मिस्त्री मावशीला आणायला गेला. त्याने किल्ली फिरवली.

पहिल्या झटक्यात चालू.

त्याने गाडी फाटकाशी आणून लावली, किल्ली थोरलीच्या हातात दिली. तिच्याकडे बघितलं. "तारेत कचरा असेल," हळूच म्हणाला, आणि निघून गेला.

धाकटी आली. रडून झालं. मग स्वयंपाकघरात दोघीच असताना तिने विचारलं, "ताई, उशीर कसा झाला गं?"

"गाडी बंद पडली."

"मावशी?" धाकटी म्हणाली. आणि मग तिच्याकडे बघत राहिली. बराच वेळ.

ती नजर थोरलीला अजून झोपू देत नाही. कारण तिने किल्ली फिरवली होती. ती हे शपथेवर सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते. पुरती फिरवली होती. नक्की.

बहुतेक.

मावशी अजून आहे. अजून पहिल्या झटक्यात चालू होते. थोरली रोज आधी वाकून शेजारचं दार उघडते, जरा थांबते, मग लावून घेते. त्या सीटवर ती पिशवी ठेवत नाही.

इतपत तिने अंगवळणी पाडून घेतलं होतं.

पण गेल्या महिन्यात, दिवे लागायच्या वेळेला, ती सिग्नलला थांबली होती. पुन्हा काचेवर आवाज झाला. शेजारच्या नाही...

मागच्या.

पितळेचा नव्हता. बोटाच्या पेराचा होता. घाईघाईने, सारखा. कुणीतरी ताटकळल्यासारखा.

मागचं दार बाहेरून उघडतं. त्याची मूठ शाबूत आहे, ते कधीच बिघडलं नव्हतं. कुणीही उघडावं आणि बसावं.

थोरलीने मान वळवून पाहिलं.

दाराच्या कडेची लॉकची खुंटी खाली दाबलेली होती. तिने दाबली नव्हती.

घरी आल्यावर तिने ती वर केली. स्वतःच्या हाताने. सकाळी पाहिलं तर पुन्हा खाली.

रोज ती वर करते. रोज खाली असते.

आणि दिवे लागले की मागच्या काचेवर ते सुरू होतं... थोरली पुढे बघत गाडी चालवत राहते. शेजारची सीट दबलेली असते. दोघीही मागे वळून बघत नाहीत.